साडेसातीवाल्या आजींना काय सांगायचं?

प्रिय,

शनिवारच्या आकाशदर्शनानंतर परतताना तू गाडीत गप्प होतीस. रात्री एक वाजता मेसेज आला, ‘मी चुकीचं बोलले का?’ चुकीचं नाही बोललीस. रांगेतल्या आजींनी विचारलं, “साडेसाती चालू आहे माझी, शनीकडं बघितलेलं चालतंय ना?” आणि तू म्हणालीस, “आजी, ते सगळं थोतांड आहे.” आहेच ते. पण आजी पदर सावरत रांगेतून बाहेर पडल्या आणि पाऊण तास थंडीत उभं राहूनही शनी न बघताच घरी गेल्या. मला वाईट वाटलं ते त्याचं.

त्यांना आधी दुर्बिणीला डोळा लावू द्यायचा. मग साडेसातीचं गणित सांगायचं, कारण गणित झकास आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत मुक्काम अडीच वर्षांचा. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन धरल्या की झाली साडेसात वर्षं. दुर्बीण नसताना ज्यांनी नुसत्या डोळ्यांनी ही चाल मोजली, त्यांना दाद द्यायलाच हवी. ती मोकळेपणानं द्यायची आणि मग हळूच विचारायचं: कधीही बघितलं तरी बारापैकी कुठल्या ना कुठल्या तीन राशींना साडेसाती असतेच, म्हणजे या रांगेतल्या साधारण दर चौथ्या माणसाला आत्ता ती चालू असणार. मग इतक्या सगळ्यांचं एकदमच बिनसलंय का? इथं रांगेत खसखस पिकते. पुढचा विचार ज्याचा तो घरी जाऊन करतो.

म्हणून गुळमुळीत बोल असं मी सांगत नाहीये. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. पत्रिका ज्योतिषांच्या हाती द्यायच्या आणि कुठली हुशार मुलाची, कुठली मतिमंद मुलाची हे ओळखायला सांगायचं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, त्यांतली बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. तेच नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. मला हा माणूस आवडतो तो या दोन्ही गोष्टींसाठी.

चांद्रयानाचा प्रश्न आताशा प्रत्येक गावात येतो. अमेरिकेचं अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग आपल्या चांद्रयान-३ ला १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३, म्हणजे चाळीस दिवस का लागले? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘आपण मागे आहोत का?’ हे असतं. तू त्याला एकदम रॉकेटची वजनं सांगायला लागलीस. तीही सांग, पण आधी झोपाळा सांग. एका दणक्यात झोपाळा उंच न्यायचा तर ढकलणारा पैलवान हवा. अपोलोचं रॉकेट सॅटर्न-५ तसं होतं, ११० मीटर उंच. चांद्रयानाचं रॉकेट, आपलं एलव्हीएम-३, साडेत्रेचाळीस मीटरचं. म्हणून झोपाळा दर वेळी जवळ आला की थोडा रेटा द्यायचा. यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळून जात असताना इंजिन चालवायचं, की कक्षेचं दुसरं टोक आणखी लांब जातं. असं वाढवत वाढवत १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं. दिवस जास्त गेले, पण रॉकेट लहान पुरलं. माणसं बसवून पाठवायची असती तर हा रमतगमत मार्ग परवडला नसता, हेही सांगून टाकावं.

आता माझी फजिती. एका शाळेत मी ठोकून दिलं होतं की अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात. सहावीतल्या मुलीनं विचारलं, “मग यान पृथ्वीभोवती फिरतं कशानं?” मी ऐकू न आल्यासारखं केलं. चारशे किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकाच्या उंचीला गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. तेवढा उंच मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर साठ किलोचा माणूस त्रेपन्न भरेल. स्थानकातली माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि ती दोघंही सतत पडत असतात. फक्त आडवा वेग ताशी २८ हजार किलोमीटर असल्यानं पृथ्वी खालून वळत जाते आणि पडणं संपत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘बघून सांगतो’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती मुलगी अजून आठवते.

‘परग्रहावर कोणी आहे का’ याला एक वाक्य पुरे: अजून कोणी सापडलेलं नाही. शोध कसा चालतो ते ऐकायला जो थांबेल, त्याच्याशी बोल.

हो, शनी बघून त्या मुलानं विचारलेलं ‘कडी कुठंय?’ रास्त होतं. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी बरोबर कडेनं आपल्याकडे वळली होती, अशा वेळेच्या आगेमागे बरेच महिने ती रेघेसारखी दिसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी साधारण दहा मीटर, मग कडेनं दिसणार काय? त्याला वहीचा कागद डोळ्यांसमोर आडवा धरायला सांगायचा.

पुढच्या अमावास्येला त्याच गावात जायचंय. आजींच्या नातवाचा नंबर मी घेऊन ठेवलाय, त्यांना पहिला नंबर देऊ. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लाव, गेल्या वेळी तुझ्या पांढऱ्या उजेडानं सगळ्यांच्या डोळ्यांची वाट लागली. आणि कानटोपी आण.

काका