‘ताइझोंग’ हे नाव की पदवी?

प्रश्न असा आहे: चीनच्या तांग घराण्यात एक सम्राट ताइझोंग भेटतो, सोंग घराण्यातही भेटतो. मग हे नाव की पदवी? आणि मराठीत उच्चार कसा करायचा?

खरं तर दोन्ही नाही. ते कुलमंदिरातलं मरणोत्तर नाव आहे. सम्राट वारला की पूर्वजांच्या मंदिरात त्याची नामपट्टिका ठेवत, त्या पूजेसाठी हे नाव ठरे. ‘ताइ’ म्हणजे थोर, ‘झोंग’ म्हणजे पूर्वज. संस्थापकाला बहुधा ‘झू’ लागे, पुढच्यांना ‘झोंग’. त्यामुळे संस्थापकानंतर गादीवर आलेल्या कर्तबगार राजाला अनेक घराण्यांत हेच नाव मिळालं. मंगोल ओगदेई खानही युआन घराण्याच्या पूजेत ताइझोंगच. मिंग घराण्याचा योंगले सम्राटही आधी ताइझोंग होता. १५३८ मध्ये जियाजिंग सम्राटाने ते बदलून ‘चेंगझू’ केलं आणि त्याला संस्थापकांच्या पंक्तीत बसवलं.

म्हणूनच ‘ताइझोंगने भावाला मारलं’ हे वाक्य मला खटकतं. ६२६ साली राजवाड्याच्या श्वानवू दरवाजाशी थोरल्या भावावर बाण सोडणारा राजपुत्र ली शिमिन होता, म्हणजे पुढचा तांग ताइझोंग. दोन महिन्यांत वडिलांनी गादी सोडली आणि तो सम्राट झाला. ताइझोंग हे नाव त्याने हयातीत कधीच ऐकलं नाही. त्याच्या काळात वर्षं मोजली जात ती ‘झेनग्वान’ या युगनामाने. झेनग्वान १९ म्हणजे इ.स. ६४५, त्याच वर्षी श्वानझांग (आपला ह्युएन त्संग) भारतातून ग्रंथ घेऊन राजधानी चांगआनला परतला. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणारा प्रवासी तो हाच.

आणि ‘शिमिन’ तरी लोक उच्चारत होते का? सम्राटाचं जन्मनाव लिहिणं-बोलणं निषिद्ध असे. ‘शि’ म्हणजे जग, ‘मिन’ म्हणजे लोक. हे शब्द टाळून लिहायचं तरी कसं? त्याने सवलत दिली: दोन्ही अक्षरं लागोपाठ आली नाहीत तर चालेल. पण ६४९ मध्ये तो वारल्यावर निषेध कडक झाला आणि ‘मिनबू’ हे सरकारी खातं ‘हूबू’ झालं. लोकांऐवजी कुटुंबांचं खातं! पुढे शेकडो वर्षं त्याचं नाव हूबूच राहिलं.

आता उच्चार. ‘झोंग’मधला झ रोमन झेडवरून आलाय. चिनी ध्वनी आपल्या ‘चाक’, ‘चांगला’तल्या च सारखा आहे. हा च आपल्याकडे आयता आहे, तेव्हा तो वापरावा: ‘थाइचुंग’. जुन्या लेखनातलं ‘ताइ-त्सुंग’ही त्यामुळे ‘ताइझोंग’पेक्षा जवळचं. ‘झेनग्वान’मधला झ मात्र वेगळा, तो ‘चित्र’मधल्या च कडे झुकतो.

लेखनात रूढ झालेलं ‘ताइझोंग’ ठेवायचं असेल तर ठेवा, पण घराणं आधी लावा: तांग ताइझोंग, सोंग ताइझोंग. राज्यारोहणापूर्वीच्या घटनांत ली शिमिन लिहा. मिंग आणि चिंग काळात बहुतेक प्रत्येक सम्राटाचं एकच युगनाम असे, म्हणून योंगले, कांगशी ही युगनामंच ओळख झाली. तिथे घराणं लावलं नाही तरी गोंधळ होत नाही.