लोकलमधला धक्का

ती सत्तावीस वर्षांची, विक्रोळीहून आलेली. मांडीवर एकवीस दिवसांची मुलगी, शेजारी सासूबाई. पर्समधून तिने कॅरिओटाइपचा, म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट काढला. सारख्या घड्या घालून कागद मऊ पडला होता. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, म्हणजे डाऊन सिंड्रोम.

"मॅडम, सातव्या महिन्यात दादरला उतरताना पोटाला धक्का लागला होता. त्यानेच झालं ना?"

हा प्रश्न मी नेहमी ऐकते, कारणं तेवढी बदलतात. ग्रहणात विळी हातात घेतली, पपई खाल्ली, नवऱ्याशी भांडले. आजाराच्या नावापेक्षा हा हिशेबच बायकांना जास्त पोखरतो.

मी सांगितलं, "हे जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच आलेलं असतं, गर्भ राहण्याच्याही आधी. आणि तुमची स्त्रीबीजं घडायला लागली तेव्हा तुम्ही स्वतः आईच्या पोटात होता. सातव्या महिन्यातला धक्का तिथे पोचणार कसा?"

सासूबाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे विहीणबाईंकडून आलं?"

(‘तुम्ही स्वतः आईच्या पोटात होता’ हे वाक्य मी आता जपून वापरते!)

"नाही हो, कुणाकडूनच नाही. ट्रान्सलोकेशन, म्हणजे एकविसावं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं तर आईबाबांचीही तपासणी सांगितली असती. यात ते नाही."

"पण माझं वय तर कमी आहे."

पस्तिशीनंतर शक्यता वाढते, हे खरं. पण मुळात जास्त बाळंतपणं त्याआधीच होतात, त्यामुळे अशा बऱ्याच मुलांच्या आया तरुणच असतात. हे ऐकून ती पहिल्यांदा रडली. मी थांबवलं नाही.

मग कामाचं बोललो. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शिवाय थायरॉइडची तपासणी, आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करायची. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. स्नायू सैल असल्यामुळे दूध ओढताना दमायचं, दोन घोटांत डोळे मिटायचं. मी तिला हनुवटीखाली बोट कसं धरायचं ते दाखवलं. बाळ पुन्हा ओढू लागलं. ती वाकून गिळण्याचा बारीक आवाज ऐकत राहिली.

"नाव काय ठेवलं?" मी विचारलं.

दोघी गप्प. बारसं रिपोर्टसाठी थांबवलं होतं.

थोड्या वेळाने सासूबाईच म्हणाल्या, "पाळणा अजून माळ्यावरच आहे. आज ह्याला सांगते काढायला."