वाचकांचे प्रश्न: रोजचे वचन आणि मनाची उभारी

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न रोजच्या पवित्र शास्त्र वाचनाविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : दर नवीन वर्षी मी उत्पत्तीपासून बायबल वाचायला घेतो आणि लेवीयपर्यंत येऊन थांबतो. मग वर्षभर अपराधी वाटत राहते. सुरुवात कुठून करावी? (वसई)

उत्तर : पहिल्या पानापासून नको. त्या दिवशीच्या मिस्सात (चर्चमधल्या रोजच्या उपासनेत) जी वाचने असतात तीच घ्या. निवड आपल्या हातात ठेवली की आवडीची चार स्तोत्रे आणि दोन-तीन दाखले एवढ्यातच आपण फिरत राहतो. मिस्साची वाचने आपल्याला नको असलेल्या ठिकाणीही नेतात, आणि आशेची पुष्कळशी वचने नेमकी तिथेच आहेत.

वाचनांची रचना एकदा समजून घ्या. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते : 'अ' वर्षात मुख्यतः मत्तयाचे शुभवर्तमान, 'ब' मध्ये मार्क, 'क' मध्ये लूक. ज्या सालाला 3 ने पूर्ण भाग जातो ते 'क' वर्ष. म्हणजे 2025 'क' होते, 2026 'अ' आहे. मात्र उपासनेचे वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही, ते आदल्या सालातल्या आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. इतर दिवशी, सामान्य काळात (म्हणजे आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर हे खास काळ सोडून), पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्राने येते (विषम साल पहिले, सम साल दुसरे), पण शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. सामान्य काळात 1 ते 9 आठवडे मार्क, 10 ते 21 मत्तय, 22 ते 34 लूक. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर मागचे सगळे भरून काढत बसू नका. कालच्या भागाच्या शेवटच्या दोन ओव्या पाहा आणि आजचा भाग वाचा.

आता प्रत्यक्ष पद्धत. बाराव्या शतकातले, कार्थुसियन या संन्यासी संघाचे मठाधीश दुसरे गीगो यांनी चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असे ते म्हणतात. आपल्यासाठी वीस मिनिटे पुरतात. दोन मिनिटे गप्प बसा, पवित्र आत्म्याला हाक मारा. मग 10 ते 15 ओव्यांचा भाग मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. मोठ्याने अशासाठी की डोळे ओळखीचे शब्द गाळून पुढे पळतात, जिभेला तसे करता येत नाही. जिथे अडखळाल, जिथे काही खुपेल किंवा बरे वाटेल, तो तीन-चार शब्दांचा तुकडा धरा आणि पाच-सात मिनिटे त्याच्याशीच राहा. नंतर त्यावरून देवाशी बोला, मित्राशी बोलावे तसे. शेवटची तीन-चार मिनिटे काहीच बोलू नका. उठताना वहीत तारीख, संदर्भ आणि तो तुकडा लिहा, एकच ओळ. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 मध्ये यात कृतीही जोडली : आज त्या वचनाने कुणासाठी काय करायचे, हे ठरवल्याशिवाय वाचन पुरे होत नाही.

बिघडते कुठे? बहुतेकांचे तीन ठिकाणी. विवेचन आधी वाचले की वचन कानाशी येण्याआधी दुसऱ्याचे मत येऊन बसते, म्हणून टिपा आणि प्रवचने नंतर. दुसरे, पहिल्याच मिनिटाला 'यातून मी काय बोध घ्यावा' असे विचारले की शाळेचा धडा होतो. आधी 'इथे येशू काय करतो आहे' हे पाहा. तिसरे, मोबाइलवर वाचणे. पर्याय नसेल तर निदान इंटरनेट बंद करून वाचा.

प्रश्न : पतीला जाऊन आठ महिने झाले. रोज वाचते, पण आतून कोरडीच आहे. 'आनंद करा' अशी वचने आली की पुस्तक मिटावेसे वाटते. माझा विश्वास कमी पडतो आहे का? (पुणे)

उत्तर : ताई, नाही. ज्या पुस्तकात तुम्ही आशा शोधता आहात त्यातच तुमच्यासारखे बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना कुणी गप्प केलेले नाही.

विलापगीताचा तिसरा अध्याय काढा. त्यातल्या 22 आणि 23 या ओव्या कार्डांवर छापतात : प्रभूची दया रोज सकाळी नवी होते. तुम्ही मात्र पहिल्या ओवीपासून वाचा. तिथे बोलणारा माणूस म्हणतो, देवाने मला अंधारात ढकलले, माझी वाट चिरे रचून अडवली, दगडांनी माझे दात तोडले. 18 व्या ओवीत तर तो सरळ म्हणतो की माझी आशा संपली. आणि तीनच ओव्यांनंतर, 21 व्या ओवीत, 'हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे.' मधे परिस्थिती बदललेली नाही. यरुशलेम उद्ध्वस्तच आहे. बदलले एवढेच की आधी त्याने आपले दुःख शब्दाशब्दाने देवापुढे मांडले. पहिल्या वीस ओव्या वगळून बाविसावी हाती लागत नाही. तुम्ही अजून आठव्या-दहाव्या ओवीत असाल. तिथेच थांबून वाचा, रोज तोच भाग वाचलात तरी चालेल.

स्तोत्र 88 तर उजेडापर्यंत पोहोचतच नाही, त्याचा शेवट काळोखात होतो. तरी चर्चने ते दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. म्हणजे दर आठवड्याला जगभरचे धर्मगुरू आणि व्रतस्थ ते म्हणतात, स्वतःचे मन आनंदात असले तरी, ज्यांना आज तोच शब्द लागतो त्यांच्यासाठी. तुमच्या वतीने कुणीतरी ते म्हणत आहे, हे लक्षात असू द्या.

कोरडेपणाच्या काळासाठी संत इग्नाती लोयोला यांचे दोन नियम फार उपयोगी आहेत. उदास मनःस्थितीत आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि प्रार्थना आवरती घ्यावीशी वाटली तर ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे. तुम्ही दहा मिनिटे ठरवली असतील तर अकरा बसा, पण तीस ठरवू नका. वेळ छोटी ठेवा आणि ती पाळा.

आणखी एक. पहिले राजे, अध्याय 19 मध्ये संदेष्टा एलिया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा तेच करतो. चाळीस दिवसांची वाट आणि होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद आवाज त्यानंतर येतो. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगू नये असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, आजच जा. 14416 ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

प्रश्न : अडचणीत असताना मी डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट पडेल ती ओवी देवाचे उत्तर मानतो. एकदा यिर्मया 29:11 आले, 'तुमच्या हिताचे संकल्प.' नोकरी मिळेल असे धरून चाललो, मिळाली नाही. (पालघर)

उत्तर : देवाने तुम्हाला फसवले नाही. ती ओवी नोकरीचे आश्वासन नव्हतीच. पण ती सोडूनही देऊ नका, कारण संदर्भासह वाचली तर ती तुमच्या परिस्थितीच्या फार जवळची आहे.

इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमची माणसे बाबिलोनला कैद करून नेली. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येईल (28:3). हे ऐकायला सगळ्यांनाच आवडले असणार. यिर्मयाने कैद्यांना पत्र लिहिले : घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटका सत्तर वर्षांनी (29:10). आणि लगेच पुढे अकरावी ओवी. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, आणि वचन त्यांनाच दिले होते. ही आशा 'लवकर होईल' अशी नाही. 'इथेही मी तुमच्याबरोबर आहे, म्हणून इथे बाग लावा,' अशी आहे.

बोट ठेवून ओवी काढणे सोडा. त्यात देवाचे ऐकण्यापेक्षा कौल लावण्याचाच भाग जास्त असतो. कुठलीही एकटी ओवी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलीही, भावली तर आधीच्या आणि नंतरच्या दहा ओव्या वाचायच्या, कोण कुणाला आणि केव्हा बोलतो आहे ते पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे. नोकरीसाठी अर्ज करत राहा, आणि आज हातात असलेल्या दिवसात काय लावता येईल, ते 29:5-7 वाचून ठरवा.

प्रश्न : दोन लहान मुले आणि पहाटेची विरार लोकल. वीस मिनिटे कुठून आणू? (नालासोपारा)

उत्तर : आणू नका. रात्री भांडी आवरल्यावर उद्याचे शुभवर्तमान एकदा वाचा, तीन मिनिटे. सकाळी फक्त प्रतिसाद स्तोत्राचे (पहिल्या वाचनानंतर म्हणतात त्या स्तोत्राचे) धृपद घ्या. ती एकच छोटी ओळ असते, गर्दीत उभ्याउभ्या मनात म्हणता येते. रविवारी मिस्साआधी दहा मिनिटे लवकर पोहोचून त्या दिवसाची वाचने शांतपणे पाहा. एवढे पुष्कळ आहे.

प्रश्न : आज सिराखमधून पहिले वाचन होते, माझ्या मराठी बायबलमध्ये ते पुस्तकच नाही. स्तोत्रांचे क्रमांकही जुळत नाहीत. (मडगाव)

उत्तर : तुमच्याकडची प्रत 66 पुस्तकांची असणार. कॅथलिक बायबलमध्ये 73 असतात. जास्तीची सात अशी : तोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. घेताना अनुक्रमणिका उघडून सिराख आहे का ते पाहा. स्तोत्रांचे असे की जुन्या ग्रीक आणि लॅटिन परंपरेत 9 आणि 10 मिळून एकच स्तोत्र धरले आहे, त्यामुळे तिथून 147 पर्यंत बहुतेक ठिकाणी आकडा एकने कमी येतो. 'प्रभू माझा मेंढपाळ' कुठे 23 तर कुठे 22 असेल. ओवीच्या क्रमांकातही एकाचा फरक पडतो, कारण काही प्रती स्तोत्राच्या शीर्षकालाच पहिली ओवी धरतात. क्रमांक जुळला नाही तर धृपदाचे शब्द शोधा, स्तोत्र लगेच सापडते.