संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर आईला मळमळ आणि थकवा फार होतो. गोळी बंद करावी का?

गोळी घेतली की आईंना दोन दिवस मळमळते, अंगात त्राण राहत नाही आणि घरातली मंडळी बंद करा म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. मंडळींच्या सांगण्यावरून गोळी मुळीच बंद करू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात झालेला आहे.

मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका होते. सकाळी बोटे अशी आखडलेली असत की खडू धरवत नसे, आणि भाकरी थापण्याचे काम तर सासूबाईंनी पुन्हा आपल्याकडे घेतले होते. तज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी दिली. दुसऱ्याच दिवशी मी मळमळीने आडवी झाले, तेव्हा थोरल्या भाऊजींनी खोक्यातला कागद उघडून सर्वांसमोर वाचला आणि कर्करोगाचा उल्लेख आल्यावर मोठ्याने म्हणाले, "हे विष आहे." सासूबाई रडू लागल्या. पुढच्या आठवडी बाजारातून भाऊजींनी सांधेदुखीची एक बिननावाची पुडी आणली. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, म्हणून चार दिवस चमत्कार वाटतो आणि पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मी ती घेतली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कागदातला मजकूर खोटा नव्हता, पण कर्करोगात हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम पुरते, आणि अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ सालीच मान्यता मिळाली आहे. गुण यायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात, आणि त्रास आधी सुरू होतो; लोक नेमके याच काळात औषध सोडतात.

मळमळीचे सविस्तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी मला गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लावली, फॉलिक ॲसिड जोडून दिले आणि मात्रा हळूहळू वाढवली. एवढ्याने न भागल्यास तेच औषध त्वचेखालील इंजेक्शनने देता येते व पोटाचा त्रास पुष्कळदा कमी होतो. सुटीच्या आदल्या रात्रीचा वार ठरवला की दुसऱ्या दिवशी पडून राहता येते.

मात्र ही गोळी चुकूनही रोज घेतली जाऊ नये, त्याने जीव जाऊ शकतो. वार खोक्यावर ठळक लिहून ठेवा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागणे किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेताना, विशेषतः कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक, मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे सांगा. दारू वर्ज्य. घरात कोणा तरुण स्त्रीला ही गोळी चालू असेल, तर गर्भ राहू देता कामा नये.

रक्ततपासणी चुकवू नका. थोरले भाऊजी अजूनही म्हणतात की या गोळीने माझे यकृत जाईल. एसजीपीटीचे, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचे, सगळे अहवाल मी तारीखवार फाइलमध्ये लावले आहेत आणि ते व्यवस्थित आहेत. ती फाइल त्यांनी एकदाही मागितलेली नाही.