घसाऱ्याचे पैसे कुठं ठेवतात?

गेल्या अंकात ताळेबंद कसा वाचायचा ते लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त नफा-तोटा पत्रकातल्या एकाच ओळीबद्दल निघाली: ‘घसारा व अमॉर्टायझेशन’. यंत्रासारख्या वस्तूची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांवर खर्च म्हणून वाटतात, तो घसारा; अमॉर्टायझेशनचं पुढं येईलच. मला नवल वाटलं नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्याचे, हिशेब मी 31 वर्षं सांभाळले. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद याच ओळीवरून व्हायचे.

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. एका कंपनीचे थोडे शेअर्स आहेत. तिचा करोत्तर नफा 14 कोटी, घसारा 11 कोटी, पण रोख प्रवाह पत्रकात व्यवसायातून आलेली रोख 26 कोटी! नफ्यातून वजा केलेला घसारा तिथे परत मिळवला आहे. आमच्या सोसायटीचा सिंकिंग फंड बँकेत असतो. तसे हे 11 कोटी कोणत्या बँकेत आहेत? आणि पैसे गेलेच नसतील तर वजा कशाला करायचे?
— एक वाचक, वाई

सर, ते कुठल्याच बँकेत नाहीत. सिंकिंग फंडासाठी सभासद दरवर्षी खरोखर पैसे भरतात, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, आणि सोसायटी ते गुंतवून ठेवते. घसाऱ्यात एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. पैसे मशीन घेतलं त्या दिवशीच गेले. त्या वर्षी ते नफ्यातून वजा केले नाहीत, कारण मशीन पुढं कित्येक वर्षं राबणार होतं. म्हणून तो खर्च वर्षावर्षांत वाटून टाकतात. त्यातला या वर्षाच्या वाट्याला आलेला तुकडा म्हणजे तुमचे 11 कोटी. या वर्षी ती रोख बाहेर गेली नाही, म्हणून रोख प्रवाह पत्रकात ती परत मिळवतात. 14 आणि 11 मिळून 25 होतात. वरचा एक कोटी उधारी वसुली, माल, व्याज अशा गोष्टींतून आला असेल.

वजा का करायचे, हा प्रश्न मात्र तुम्ही सहज विचारून गेलात, आणि खरी गोम तिथंच आहे. आमच्या फौंड्रीत मागच्या भिंतीला पॅटर्नचं रॅक होतं. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायला वापरतात तो नमुना. काही लाकडी, काही ॲल्युमिनियमचे, प्रत्येकावर रंगानं नंबर टाकलेला. त्यातले जवळजवळ वीस पॅटर्न एका ट्रॅक्टरच्या भागांचे होते. फार देखणे, एक कोपरा झिजलेला नाही. ट्रॅक्टर कंपनीनं ते मॉडेल बंद केलं आणि वीसच्या वीस एका दिवसात जळणाच्या आणि मोडीच्या भावाचे झाले. घसारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं झीज येते. वस्तू न झिजताही संपते. किती वर्षांनी संपेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून कुणीतरी खुर्चीत बसून अंदाज बांधतो. नफ्याच्या आकड्यात तो अंदाज मिसळलेला असतो, आणि आकड्यावर त्याचा डाग दिसत नाही.

आमच्या मालकांना सगळे आण्णा म्हणायचे. एका मंदीच्या वर्षी नवीन मोल्डिंग लाइन आली, 2 कोटी 40 लाखांची. मी आयुष्य 10 वर्षं धरलं होतं. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या धंद्याच्या कर्जाची मर्यादा नूतनीकरणाला आली होती, आणि बँक नफा बघते. आण्णा टेबलाशी येऊन उभे राहिले. “ताई, दहाच वर्षं चालते असं कुणी सांगितलं तुम्हाला? शेजारच्यांची अठरा वर्षं चालतीय.” ते खोटं बोलत नव्हते. शेजारच्यांची चालतच होती, फिटर उशाला घेऊन.

मी 15 केलं. कायद्यात बसत होतं, ऑडिटरनीही मान डोलावली. मोडीची किंमत बाजूला ठेवून हिशेब बघा: वर्षाचा घसारा 24 लाखांऐवजी 16 लाख. नफा 8 लाखांनी वाढला आणि गल्ल्यात एक पैसा जास्त आला नाही. नवव्या वर्षाच्या शेवटी लाइन कायमची बसली. पुस्तकात तिची किंमत अजून 96 लाख, भंगारवाल्यानं दिले 15 लाख. 81 लाखांचं नुकसान एका वर्षात दाखवावं लागलं. 10 वर्षं धरली असती तर ते 9 लाखांवर भागलं असतं. त्या वर्षीचा ताळेबंद घेऊन बँकेत गेले तेव्हा मॅनेजरांनी चहा विचारला नाही, एवढं आठवतं.

आमचा खेळ लाखांचा होता. अमेरिकेत वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या कंपनीनं हेच कोटींत केलं. कचऱ्याच्या ट्रकांचं आयुष्य कागदावर वाढवलं आणि शेवटी त्यांचे मोडीत किती येतील तो आकडा फुगवला. 1998 मध्ये कंपनीला 1992 ते 1997 या वर्षांचे हिशेब दुरुस्त करावे लागले. नफा तब्बल 1.7 अब्ज डॉलरनं जास्त दाखवला गेला होता. त्यांचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मला 2001 मध्ये 70 लाख डॉलर दंड झाला. आयुष्य आणि मोडीची किंमत असे दोन साधे आकडे, पण त्यांनी एवढं केलं.

तेव्हा सर, अहवालाच्या मागच्या पानांवर ‘महत्त्वाची लेखा धोरणे’ नावाचं कंटाळवाणं प्रकरण असतं, तिथं कंपनीनं कशाचं किती आयुष्य धरलंय ते वाचा. मागच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा. बदललं असेल तर नफ्यावर किती परिणाम झाला तेही टिपेत असतं. दुसरं, यंत्रांची मूळ किंमत आणि आजवरचा साठलेला घसारा शेजारी ठेवा. 100 कोटींच्या यंत्रांवर 85 कोटी घसारा साठला असेल, तर कारखाना म्हातारा आहे आणि लवकरच मोठ्या खरेदीला पैसे लागणार, असं मी तरी धरते. टीव्हीवर व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीच्या नफ्याचं, त्या एबिटाचं (EBITDA), कौतुक चालू झालं की मी आवाज बंद करते. भट्टी फुकट आल्यासारखं बोलतात.

एकाच मशीनचा घसारा कंपनीच्या पुस्तकात एक आणि आयकराला दुसरा, असे कॉलेजात शिकवले. म्हणजे दोनपैकी एक खोटा असतो का?
— बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सोलापूर

खोटा एकही नाही गं. दोन हिशेब दोन वेगळ्या लोकांसाठी आहेत. समज मशीन 20 लाखांचं. कंपनी कायदा 2013 ची अनुसूची 2 साधारण यंत्रांना 15 वर्षं आयुष्य सांगते आणि शेवटी 5 टक्क्यांपर्यंत किंमत उरेल असं धरते. म्हणजे 19 लाख भागिले 15. सरळ रेषेनं दरवर्षी 1,26,667 रुपये. आयकरात 15 टक्के दर, तोही उरलेल्या किमतीवर: पहिल्या वर्षी 3,00,000, मग 2,55,000, मग 2,16,750. त्यातही पहिल्या वर्षी मशीन 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्माच, पण निम्मा तरी मिळतोच. म्हणून मार्च संपायला आला की कारखान्यात नवं मशीन उतरवायची घाई दिसते, आणि पूर्ण घसारा मिळावा म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याआधी तर जास्तच.

आयकराला सुरुवातीला घसारा जास्त, म्हणून कर कमी. पुढच्या वर्षांत ते उलटतं. पुढं भरायच्या या कराची नोंद ताळेबंदात ‘स्थगित कर’ म्हणून दिसते. परीक्षेत कॉम्प्युटर आला तर लक्षात ठेव: कंपनी कायद्यात 3 वर्षं, सर्व्हरना 6, आणि आयकरात दर 40 टक्के. जमिनीला दोन्हीकडं शून्य. आमच्या वेळी परीक्षक जमीन मुद्दाम यादीच्या मधोमध घालायचे.

घसारा समजला, पण अमॉर्टायझेशन म्हणजे नेमके काय? दोन्ही एकाच ओळीत का लिहितात?
— एक वाचक, खोपोली

तुमच्या घराजवळूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, तोच घेऊ. रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. टोल गोळा करायचा हक्क 2020 मध्ये आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या कंपनीनं 8,262 कोटींना घेतला, एप्रिल 2030 पर्यंत. त्यातले 6,500 कोटी सुरुवातीलाच, उरलेले नंतरच्या हप्त्यांत. खालापूरच्या नाक्यावरची बूथ हाताला लागते. टोल घेण्याचा हक्क हाताला लागत नाही, पण कमवून तोच देतो आणि तारखेला संपतो. अशा अमूर्त गोष्टीची किंमत वर्षांवर वाटणं म्हणजे अमॉर्टायझेशन. 10 वर्षं 2 महिन्यांवर अगदी समान वाटलं तर महिन्याला 68 कोटींच्या आसपास येतं. हा माझा पाटीवरचा भागाकार आहे, त्यांच्या पुस्तकातला आकडा म्हणून घेऊ नका. टोल रस्त्यांच्या बाबतीत अनुसूची 2 मध्ये मिळणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचीही मुभा आहे. तशी वाटणी केली तर गाड्या कमी असलेल्या सुरुवातीच्या वर्षांवर बोजा कमी पडतो आणि शेवटच्या वर्षांवर जास्त.

सॉफ्टवेअर, पेटंट, मोबाइल कंपन्यांचं स्पेक्ट्रम यांनाही हेच लागू. काम दोघांचं एकच, म्हणून ओळही एकच. अपवाद गुडविलचा. कंपनीनं दुसरी कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून घेतली की ते जन्माला येतं. इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, पाळणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याचं अमॉर्टायझेशन करत नाहीत. दरवर्षी तपासतात आणि किंमत उतरली असेल तर एकदम कापतात. त्यामुळं ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं बसून राहतं आणि एखाद्या वर्षी नफा गिळतं.

एका दुकानसाखळी कंपनीचा घसारा 2019-20 मध्ये एकदम फुगला. दुकाने जवळपास तेवढीच. घोटाळा असेल का?
— एक वाचक, ठाणे

नसावा. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116, म्हणजे भाडेकरारांचं मानक, लागू झालं. तोवर दुकानाचं भाडं सरळ भाडं म्हणून दिसायचं. आता लांब मुदतीचा भाडेकरार हीच मालमत्ता धरतात, तिच्यावर घसारा लावतात आणि देणं राहिलेल्या भाड्यावर व्याज. भाडं नावाची ओळ आटली, घसाऱ्याची आणि व्याजाची फुगली. दुकानमालकाला चेक तेवढाच जातो. पण भाडं एबिटा काढण्याआधी वजा व्हायचं, घसारा आणि व्याज नंतर होतात, म्हणून एबिटा आपोआप वाढतो. मात्र 2018-19 चा एबिटा आणि 2019-20 चा एबिटा शेजारी ठेवून कुणी प्रगती दाखवत असेल, तर त्या माणसाकडून काही विकत घेऊ नका.

माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. आम्ही काही शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढतोय. बागेला घसारा लागतो का? लोक हसतात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, तासगाव

हसू द्या, दादा. प्रश्न यावेळचा सगळ्यात चांगला आहे. बाग तुमच्या नावावर राहणार असेल तर कंपनीच्या पुस्तकात ती येतच नाही, हे आधी सांगते. कंपनीनं स्वतः बाग लावली, तर इंड एएस नियमांत द्राक्षाची वेल ही वर्षानुवर्षं फळ देणारी वनस्पती, म्हणजे यंत्रासारखी मालमत्ता. तिला घसारा लागतो. वेलीवर लटकलेल्या घडांना मात्र लागत नाही, त्यांची किंमत बाजारभावानं मांडतात. तुमची कंपनी लहान असल्यामुळं तिला इंड एएस बहुधा बंधनकारक नसेल, पण लहान कंपन्यांच्या लेखा मानकांतही वेलीला घसारा आहेच.

रोपं, खुंट, कलम, पहिलं पीक धरेपर्यंतची खतं, फवारण्या, मजुरी, हे सगळं बागेच्या किमतीत धरा. पहिली छाटणी घेऊन बाग पिकाला आली की घसारा सुरू. आणि बाग एकच वस्तू समजू नका. वेलीला एक आयुष्य, मांडवाच्या अँगल-तारांना दुसरं, ठिबकला तिसरं. ठिबकच्या नळ्या सगळ्यात आधी जातील, त्यांना थोडी वर्षं धरा. जमिनीला काहीच लावू नका. वेलीला किती वर्षं द्यायची ते मला विचारू नका. तुमच्या भागात बाग काढून पुन्हा किती वर्षांनी लावतात, ते वडिलांना विचारा आणि तो आकडा पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात कारणासकट लिहून ठेवा. नंतर एखादे आण्णा टेबलाशी येऊन उभे राहिले तर ते पान उघडून दाखवता येईल.