गोळ्या-चॉकलेटांऐवजी फ्रीझरमधला फळांचा खाऊ घरी कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की गोळ्या-चॉकलेटांसाठी हट्ट धरते, म्हणून आपण कलिंगडाचा रस गाळून साच्यात गोठवून पाहिला, पण तो दगडासारखा कडक झाला, चोखल्यावर त्याचा रंग निघून गेला आणि काडीला नुसता पांढरा बर्फ उरला. आमच्या घरी हा खाऊ बरीच वर्षे होत आला आहे, त्या अनुभवावरून सांगतो की आपली कृती ठीक होती, फक्त फळाची निवड अडचणीची होती.

कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि साखर १०० ग्रॅममागे जेमतेम ६ ग्रॅमच्या आसपास असते. फळाचा रस गोठू लागला की आधी त्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि साखर उरलेल्या पाण्यात दाटत जाते. हा दाट पाक घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांनाही पुरता गोठत नाही, आणि खाऊला जो काही मऊपणा येतो तो त्याच्यामुळेच येतो. कलिंगडात हा पाक अगदी थोडा असतो, आणि मुलीने पहिल्या दोन-चार घोटांतच तो शोषून घेतला असणार. रस गाळल्यामुळे गरही गेला. तो राहिला असता, तर त्याने स्फटिकांना फार मोठे होऊ दिले नसते. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून गोठवण्यासाठी फळ निवडताना गराचे, गोड आणि एरवी खायला जरा जास्तच पिकलेले वाटेल असे घ्यावे, आणि शक्यतो गाळू नये.

सुरुवात द्राक्षांपासून करावी, कारण त्यांना काहीच करावे लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सांगलीकडची गोड द्राक्षे बाजारात आली की ती देठ काढून दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. हे कोरडे करणे बहुतेक जण उरकून टाकतात आणि मग सगळ्या द्राक्षांचा एकच गोळा डब्याच्या तळाशी चिकटून बसतो. कोरडी द्राक्षे ताटात एका थरात, एकमेकांना न चिकटतील अशी मांडून तीन-चार तास गोठवावीत आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत. दाताखाली आधी साल किंचित तटतटते आणि आतला गर किसलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा भुरभुरीत लागतो. काळ्या द्राक्षांना थोडी आंबटसर चव असते, मला तीच अधिक आवडतात. मात्र अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते आणि गोठलेले तर अधिकच घट्ट असते. म्हणून पाच वर्षांखालील मुलांसाठी गोठवण्यापूर्वी त्याचे उभे चार तुकडे करावेत, आपल्या मुलीसाठीही उभे कापावे आणि तिने बसूनच खावे, पळता-खेळताना नाही.

चॉकलेटची आठवण पुसायची असेल, तर केळे अधिक उपयोगाचे. सालीवर तपकिरी ठिपके पडलेले केळे आधी सोलून (गोठल्यावर साल निघता निघत नाही) बोटभर जाडीच्या चकत्या गोठवाव्यात. मग त्या पाच मिनिटे बाहेर ठेवून मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवाव्यात. आधी नुसता भुगा होतो आणि काही बिघडले असे वाटते. तेव्हा चमच्याने कडेचे खाली लोटून पुन्हा फिरवावे. थोड्या वेळात तो भुगा एकाएकी एकजीव होऊन आइस्क्रीमसारखा मऊसूत होतो, आणि तेही दूध, साखर किंवा साय न घालता. एक चमचा कोको घातला, तर चॉकलेटची चव येते. दोन सोललेले, बिया काढलेले चिकू घातले, तर तेही छान लागते. सीताफळाच्या हंगामात त्याचा गर वापरता येतो, पण बिया विषारी असल्यामुळे त्या मिक्सरमध्ये कधीही जाऊ देऊ नयेत. गर चाळणीवर हाताने घोळवून बिया मोजून बाजूला काढाव्यात.

काडीवरचा गारेगारच हवा असेल, तर आंब्याइतके सोयीचे फळ नाही. एक वाटी हापूस किंवा पायरीचा रस, पाव वाटी चक्का आणि चिमूटभर मीठ एकत्र घोटावे. चक्क्यातील स्निग्धांश आणि प्रथिने बर्फाचे स्फटिक बारीक ठेवतात आणि मिठामुळे गोडी उठून दिसते. साचा नसला, तर स्टीलचे छोटे पेले चालतात. पेला ओट्यावर दोन-तीनदा आपटून आतली हवा काढावी, तोंडाला फॉइल लावून त्याला चीर पाडावी आणि त्यातून काडी खोचावी, म्हणजे ती सरळ उभी राहते. रात्रभर फ्रीझरच्या सर्वांत मागच्या भागात ठेवावे आणि काढताना पेला नळाच्या पाण्याखाली काही सेकंद धरावा. काडी ओढून काढू नये. अननस वापरणार असाल, तर त्याच्या फोडी आधी पाच-दहा मिनिटे शिजवून घ्याव्यात, कारण कच्च्या अननसातील विकर (एन्झाइम) दुधाच्या पदार्थांना कडवट करते आणि गोठवल्याने ते नष्ट होत नाही.

कलिंगड टाकून द्यायला नको. त्याचा गर पसरट डब्यात ठेवून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडावा, म्हणजे सुटा चुरा होतो; वर लिंबू आणि काळे मीठ.

साखर, गूळ, मध यांपैकी काहीही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त साखरेचे (म्हणजे मुख्यतः पदार्थात वरून घातलेल्या साखरेचे) प्रमाण दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली, आणि त्या हिशेबात मध व फळांचे रसही मोजले जातात. अख्ख्या फळातील साखर मोजली जात नाही. तेव्हा गुळाचा पाक घालून तयार केलेल्या गारेगारला आरोग्यदायी म्हणण्यात अर्थ नाही. फळ गोठवल्याने त्यातली साखर कमीही होत नाही, त्यामुळे एका वेळी एक वाटी पुरे, आणि खाल्ल्यावर चूळ भरायला लावावी. कडक तुकडा दाढेने फोडण्याची सवय मात्र लागू देऊ नये.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. म्हणून फळे आणि हात आधीच स्वच्छ हवेत. आपल्याकडे वीज वारंवार जात असेल, तर वितळलेला खाऊ पुन्हा गोठवत बसण्यापेक्षा लगेच दुधात घुसळून संपवावा. नीट बंद डब्यात दोन-तीन आठवडे चव चांगली राहते. त्यानंतर वर भुरभुरीत बर्फ साचू लागतो आणि फळाला फ्रिजचा वास येतो, म्हणून एका वेळी आठवड्याला पुरेल इतकेच करावे.