तारणाची तारीख

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

'माझं तारण झालंय की नाही, येशूनं मला पापातून सोडवलंय की नाही, तेच कळत नाही' हे तू एका पत्रात तीनदा लिहिलंयस, आणि तिसऱ्यांदा पेन कागदातून आरपार गेलंय. विश्वास नव्यानं जागवायच्या त्या उज्जीवन सभेत, येशूला स्वीकारते म्हणून चौथ्यांदा हात वर करून आलीस म्हणतेस. माझ्या जुन्या पवित्र शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या तारणाच्या तीन तारखा आहेत, पहिल्या दोन खोडलेल्या. दर वेळी वाटायचं, मागच्या खेपेला मनापासून झालं नव्हतं, आता खरं. वर्ष सरलं की पुन्हा तेच.

त्या सभेतल्या वक्त्यांनी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला, आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली. दाखला खराच आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही मिळाला. निमित्त झालं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाच्या आत्मकथनाचं. हे गृहस्थ १८५१मध्ये कॉर्नवॉलला आपल्याच चर्चमध्ये उपदेश देता देता स्वतःच खऱ्या विश्वासाकडे पालटले! सभेत गोष्ट इथवरच सांगतात. पुढचं मात्र बाईंच्याच साक्षीत वाच. लहानपणापासून पुण्य साठवायची शिकवण मिळालेली ती बाई म्हणते, देवानं हे फुकट दिलं, माझ्या कर्तबगारीचा त्यात काही भाग नाही; मी वधस्तंभावरच्या पुत्राकडे पाहिलं. आपला विश्वास किती खरा, हे त्या मोजत बसल्या नाहीत. तू मात्र ताप मोजावा तसा दर रात्री तो मोजतेस.

विश्वासणाऱ्याला आपल्या तारणाची खात्री असायलाच हवी का, या प्रश्नावर मोठमोठ्यांचं एकमत नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन खात्रीला विश्वासातच धरायचा. त्याच्याच परंपरेतला १६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची लेखी मांडणी, म्हणतो की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. चर्चच्या बाकांवर चाळीस वर्षं हेच पाहिलंय. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचं हृदय १७३८च्या मे महिन्यात लंडनला विलक्षण उबदार झालं, तारणाची खात्री पटली, ते सगळे सांगतात. पण पुढच्या जानेवारीत त्यानंच रोजनिशीत लिहिलं, मी आज ख्रिस्ती नाही. असं असूनही तो उपदेश करत राहिला. आणि तुझी वसईची कॅथलिक मैत्रीण 'मी तारलेली आहे' असं म्हणत नाही म्हणून तिला अविश्वासी ठरवू नकोस. विशेष प्रकटीकरणाशिवाय कुणी अशी पक्की खात्री बाळगू नये, हे कॅथलिकांनी १५४७मध्ये त्रेंतच्या धर्मसभेत ठरवलेलं आहे. मला ते मान्य नाही. पण गर्वाची जी भीती त्यामागे आहे, ती मला कळते.

आता तुझी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राबद्दलची शंका. भुतंही विश्वास ठेवतात आणि कापतात, मग माझा विश्वास भुतांसारखाच असला तर? अगं, देव आहे हे भुतांना ठाऊक आहे, पण ती त्याच्याकडे धाव घेत नाहीत. तू धावतेयस, धापा टाकत. शुभवर्तमानात आपल्या आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप येशूला म्हणाला होता, विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला हात दे. येशूनं त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत धाडलं नाही. मूल बरं केलं.

विश्वासाच्या फळांचं, म्हणजे वागण्यातल्या बदलाचं म्हणशील, तर फळं हवीतच. पण ती तुझी तू तपासू नकोस, तुझ्या आईला विचार. रात्री अकराला स्वतःची परीक्षा घेतली तर कोण पास होणार?

चर्चमधल्या गेल्या दोन प्रभुभोजनांना, भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या वेळी, तू मागच्या बाकावर बसून राहिलीस. मी पाहिलं, बोलले नाही. पहिल्या रविवारी माझ्या शेजारी बस. ताट आपल्यापर्यंत आलं की भाकर घे. त्या वेळी मनात काही वाटलं नाही तरी घे.

तुझी,
संडे स्कूलची बाई